भाऊसाहेबांचा मुक्तसंचार

भाऊसाहेब नवीन माणसाला नाव-गाव विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "तुमच्याकडे अंडं कुठलं येतं?" समोरचा बावचळून कोपऱ्यावरच्या दुकानाचं नाव सांगतो. "तसं नव्हे हो. पिंजऱ्यातलं की मोकळं?" समोरचा उत्तर शोधत असतानाच पिंजऱ्यातल्या कोंबडीला अर्जाच्या कागदाएवढीसुद्धा जागा मिळत नाही, ही माहिती त्याला मिळते, आणि तिथून गाडी थेट सासवडजवळच्या एक एकरावर जाते. तिथून ती तासाभराच्या आत परत येत नाही.

निवृत्तीनंतर मोकळ्या कोंबड्या पाळणारा माणूस ही अलीकडच्या काळात तयार झालेली जात आहे. पूर्वी असा माणूस होमिओपॅथीची पुस्तकं आणायचा, नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघाचा चिटणीस व्हायचा. आता त्याच्याकडे प्लॉट असतो, प्लॉटवर बोअर असते आणि मोबाइलमध्ये एक्सेलची शीट असते. कोंबड्या सगळ्यात शेवटी येतात.

भाऊसाहेब या जातीतले जरा वेगळे, कारण त्यांना हा धंदा आतून ठाऊक होता. उभी हयात बँकेत गेली, त्यातली बरीचशी शेतीकर्जांवर. कुक्कुटपालनाचा प्रस्ताव घेऊन आलेला माणूस त्यांच्या केबिनमधून घाम पुसत बाहेर पडायचा. "मरतूक किती धरलीत? खाद्याचा भाव वाढला तर? सोयापेंड महागली तर?" आणि सगळं नीट जमून आलंच, तर शेवटचा बाण, "बर्ड फ्लू आला तर?" फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला तो आला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, हे ते अशा सुरात सांगत की प्रस्तावाचा कागद माणूस आपण होऊन घडी करून खिशात घालायचा. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथचं पेव फुटलं होतं. पिल्लं आम्ही देतो, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेतो, अशी ती योजना होती. आमच्या सोसायटीतल्या दोघांचे पैसे भाऊसाहेबांनी अक्षरशः चेकबुक हिसकावून वाचवले. "अंडं विकून खाणारा गिऱ्हाईक यात आहे कुठे?" हा त्यांचा सवाल होता, आणि तो अचूक होता. झाबुआच्या त्या काळ्या कोंबडीचा यात काही दोष नव्हता. योजना मात्र बुडाली आणि शेतकरी शेडमधल्या कोंबड्यांना काय घालायचं या विवंचनेत राहिले.

इतकं कळणाऱ्या माणसाने स्वतःची शीट काय केली होती पाहा. ३०० पक्षी. बँकेचा माणूस, म्हणून दहा टक्के मरतूक आधीच वजा: राहिले २७०. सुधारित देशी जात, पक्ष्यामागे वर्षाला १८० अंडी. अंड्याला १५ रुपये. म्हणजे वर्षाची विक्री ७ लाख २९ हजार. खाद्याचा रकाना त्यांनी मुद्दाम लहान ठेवला होता, कारण पक्षी मोकळे. अळ्या, किडे, वाळवी, गवताचं बी, पडलेला शेवगा हे सगळं फुकट. वर अझोला. एका प्रशिक्षणात त्यांना अझोल्याचा खड्डा दाखवला होता आणि त्या हिरव्या तवंगात भाऊसाहेबांना खाद्याचा निम्मा खर्च तरंगताना दिसला होता.

शीटमध्ये शब्द होता 'पक्षी'. फेब्रुवारीत एक दिवसाची पिल्लं आली. बल्बच्या उबेत वाढली, लासोटाचे थेंब झाले, गंबोरो झाला, देवीची लस झाली, भाऊसाहेब रात्री-अपरात्री उठून तूस कोरडं आहे ना ते बघून आले. सगळं यथासांग. आणि एका पहाटे, चार वाजता, त्यातला एक पक्षी आरवला.

दुसऱ्या दिवशी आणखी वीस आरवले. पंधरवड्यात एकूण पक्ष्यांपैकी निम्मे आरवत होते. पिल्लं सरसकट घेतली की निम्मे नर निघणार, हे भाऊसाहेबांना माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्याच्या प्रस्तावात असतं तर लाल शाईने गोल केला असता. वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमचा साडेतीन लाखांचा आवाज चांगला खणखणीत आहे." वहिनी शाळेत गणित शिकवायच्या.

प्लॉटवर जाऊन पाहिल्याशिवाय मुक्तसंचार कळत नाही. एक एकराला तारेचं कुंपण, वर काही भागाला जाळी, मध्ये पत्र्याची शेड. भाऊसाहेब सगळ्या पाहुण्यांना शेवटच्या कोपऱ्यापर्यंत नेतात आणि हात फिरवून म्हणतात, "हे सगळं त्यांचं." मागे वळून पाहावं तर सगळ्या कोंबड्या शेडच्या सावलीला. दरवाजापासून वीस-पंचवीस पावलांतली माती त्यांनी उकरून उकरून पार उघडी केलेली, आणि पलीकडे तीन चतुर्थांश एकरात गुडघाभर गवत, त्यात एकही कोंबडी नाही. आम्ही उभे असतानाच वर घार फिरली. तिची सावली मातीवरून सरकली, आणि कुणीतरी चाप दाबावा तशा सगळ्या जणी शेडमध्ये.

पलीकडच्या वस्तीवरच्या मावशी कुंपणापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कोंबडी रानातली जात हाय, भाऊसाहेब. तिला डोक्यावर काहीतरी लागतं. तुम्ही तिला मैदान दिलं." हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. कोंबडीचे पूर्वज झाडाझुडपांत राहणारे रानकोंबडे, आणि मोकळं माळरान दिसलं की तिला स्वातंत्र्य वगैरे आठवत नाही, घार आठवते. युरोपात 'मोकळ्या' अंड्याचा शिक्का मिळवायला कोंबडीमागे बाहेर चार चौरस मीटर जागा द्यावी लागते, असा कायदाच आहे. ती जागा कोंबडी वापरते का, हे कोंबडीवर सोडलेलं आहे. भाऊसाहेबांनी त्यानंतर तूर लावली, शेवगा लावला. सावलीसाठी लावलेली तुरीची रोपं कोंबड्यांनी वीतभर असतानाच खाल्ली.

अझोल्याचं थोडक्यात सांगतो. तो उगवला छान. कोंबड्यांनी एकदा चोच मारून पाहिली. आता तो मावशींची म्हैस खाते.

या मावशींकडे अकरा कोंबड्या आहेत. मला वाटतं भाऊसाहेबांच्या धंद्याचं खरं गणित त्या अकरा कोंबड्यांत आहे, आणि म्हणूनच भाऊसाहेब तिकडे बघायचं टाळतात. मावशींची कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, फार झालं तर ऐंशी. पण ती खाते काय? पाखडलेल्या बाजरीतलं चाळण, भाकरीचे तुकडे, म्हशीच्या गव्हाणीतलं सांडलेलं, आणि बाकी दिवसभर उकिरडा. रात्री डालग्याखाली. पिल्लं विकत आणायची नाहीत, कोंबडी रवणाला बसवली की एकविसाव्या दिवशी घरचीच. मानमोडी आली तर निम्म्या जातात, पुन्हा एका कोंबडीपासून सुरुवात. अंड्याला दहा रुपये आले की दहाच्या दहा मावशींच्या बटव्यात, त्यातला एक पैसासुद्धा घरातल्या पुरुषाला दिसत नाही. 'फुकट चरते' ही गोष्ट इथे शब्दशः खरी आहे. पण ती अकरा कोंबड्यांपुरती खरी आहे. कोंबड्या एकशेवीस झाल्या की चाळण संपतं, किडे संपतात, आणि मग पोत्यातलं खाद्य उघडावं लागतं. धंदा वाढवता येतो, उकिरडा वाढवता येत नाही.

पोत्यातलं खाद्य म्हणजे मका आणि सोयापेंड. अंडं देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. पिंजऱ्यातली तेवढंच खाऊन वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. तिच्या पूर्वजांना निवडून निवडून तसंच घडवलेलं आहे. भाऊसाहेबांची कोंबडीही तेवढंच खाते, चार पावलं जास्त चालते म्हणून कधी थोडं अधिकच, आणि अंडं देते मनात आलं तर. मुंगूस, रानमांजर आणि एक शेजारचा कुत्रा यांचा हिस्सा गेल्यावर माद्या राहिल्या १२०. त्यांची अंडी सरासरी दिवसाला ४८. वहिनींनी हा हिशोब लाइटबिलाच्या पाठीवर केला, तो मी पाहिला आहे. खाद्य १३ किलो २०० ग्रॅम, किलोला ३५ रुपयांप्रमाणे ४६२ रुपये. गड्याचा पगार महिना १२,०००, म्हणजे रोजचे ४००. आठवड्यातून तीन फेऱ्यांचं पेट्रोल १,५००, रोजचे २१४. भागिले ४८. एक अंडं, बावीस रुपये चाळीस पैसे. शेड, कुंपण, जमीन आणि भाऊसाहेब यांची किंमत शून्य धरलेली.

"औषधं धरली नाहीत," भाऊसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

"पुठ्ठ्याची खोकीही धरली नाहीत," वहिनी म्हणाल्या आणि बिल भरायला निघून गेल्या.

तर बावीसला पडलेलं हे अंडं भाऊसाहेब पंधराला विकतात. ते आणायचं बोपदेव घाटातून. घाटातल्या वळणांवर भाऊसाहेब गाडी चालवतात ते पाहण्यासारखं असतं. मागे ट्रकवाला हॉर्न बडवतोय, आणि हे वीसच्या वेगाने, मागच्या सीटवर बारसं व्हायचं बाळ असावं तसे. तरीही सोसायटीत पोचेपर्यंत चार-सहा फुटतातच. 'फुटीर' असा त्यांनी शीटमध्ये वेगळा रकाना केला आहे.

गिऱ्हाईक ही या माणसाची दुसरी परीक्षा. सोसायटीच्या ग्रुपवर 'गावरान अंडी आली आहेत' असा निरोप पडला की पहिलं उत्तर येतं, "काका, गेल्या वेळची जरा पांढरट होती." मग भाऊसाहेब लांबलचक समजावतात की कवचाचा रंग जातीवर ठरतो, खाण्यावर किंवा फिरण्यावर नाही. पांढरं अंडं मोकळं असू शकतं, तपकिरी पिंजऱ्यातलं असू शकतं. बलकाचा केशरीपणाही हिरव्या पाल्यावर, पिवळ्या मक्यावर असतो. खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घातला तर पिंजऱ्यातलं अंडंही आतून केशरी निघतं. हे सगळं खरं आहे आणि धंद्याला अत्यंत घातक आहे. बाजारात पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून खपवणारे लोक आहेत. त्यांना गिऱ्हाइकाची मानसिकता भाऊसाहेबांपेक्षा कितीतरी चांगली कळते. दुसरी तक्रार आकाराची. अंडं लहान असलं की ते गावरान, हे सगळ्यांना मान्य. आणि लहान आहे म्हणून बारा रुपये लावा, हेही सगळ्यांना मान्य.

रोज सकाळी भाऊसाहेब अंड्यांचा भाव बघतात. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ साली स्थापन झाली, कार्यालय आपल्या पुण्यातच. ती शहरवार भाव जाहीर करते आणि देशभरातले लेअरवाले त्याकडे डोळे लावून बसलेले असतात. भाऊसाहेबांच्या अंड्याचा त्या भावाशी काडीचा संबंध नाही. तरी दहा पैसे वाढले की त्यांचा चेहरा खुलतो आणि उतरले की चहा अर्धा राहतो.

पंचांगाचा मात्र संबंध आहे, आणि तो शीटमध्ये नव्हता. फेब्रुवारीची पिल्लं साडेपाच महिन्यांनी अंड्यावर आली, म्हणजे नेमक्या श्रावणात. पहिलं अंडं सोमवारी मिळालं. भाऊसाहेबांनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेल्या चौदा चित्रांच्या माळेत "काका, श्रावण!" पिंजऱ्यातल्या अंड्यांचा भावही या दिवसांत पडतोच, पण त्यांच्याकडे शीतगृहं असतात. भाऊसाहेबांकडे घरचा फ्रीज होता, आणि त्या फ्रीजमध्ये सोमवारचं साबुदाण्याचं भिजवण होतं. दोन्ही एकत्र ठेवायला वहिनींनी साफ नकार दिला. श्रावण सरला, गणपती झाले, नवरात्र आलं. मग थंडी पडली आणि सगळ्यांना अंडी हवीशी झाली, तेव्हा दिवस लहान झाल्याने कोंबड्यांनी हात आखडता घेतला. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला सोळा तासांचा उजेड लागतो. मोठे पोल्ट्रीवाले दिवे लावून तो देतात. भाऊसाहेबांचं म्हणणं, दिवा लावायचा तर मग ते नैसर्गिक कसं? या तत्त्वापायी त्यांनी दोन महिने रोज पंधरा अंडी कमी घेतली, आणि मला त्यांचा मनापासून आदर वाटला.

गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं मात्र त्यांना जमत नाही. ठरलेलं खोकं ठरलेल्या दिवशी गेलंच पाहिजे, हा बँकेचा बाणा. मग कमी पडलेली अंडी येतात कुठून? सकाळी लवकर प्लॉटवर गेलात तर दिसतं. मावशी पदराखाली ओंजळभर अंडी घेऊन कुंपणापाशी येतात, आणि भाऊसाहेब इकडेतिकडे बघून दहाच्या नोटा मोजतात. स्वतःच्या अंड्यामागे सात रुपये तोटा, मावशींच्या अंड्यामागे पाच रुपये नफा. गिऱ्हाइकंही नेमकी त्याच आठवड्यात कळवतात, "काका, या वेळची अगदी अस्सल!"

या धंद्यातली त्यांची सगळ्यात मोठी झुंज पाहायला मिळाली ती एका खुडूक कोंबडीबरोबर. तांबूस, मानेवर काळे ठिपके, पायात निळं वळं, वळ्यावर क्रमांक ४१. कोंबड्यांना क्रमांक आहेत. खातेवहीत प्रत्येकीचं पान आहे. एक्केचाळीस नंबर अंडी द्यायची थांबली आणि खोक्यात ठाण मांडून बसली. खाली अंडं नव्हतं, एक गोटा होता. जवळ गेलं की अंग फुगवून घशातून 'क्रर्रर्र' असा आवाज काढायची. भाऊसाहेब उकिडवे बसून तिच्याशी बोलत होते, अगदी थकबाकीदाराशी बोलावं तसे, "हे बघ, तुझी अडचण मी समजू शकतो. पण तीन आठवडे झाले." तिने एक डोळा उघडला आणि मिटला. पिंजऱ्यातल्या जातींमधून हा खुडूकपणा निवडीने जवळजवळ काढून टाकलाय. देशीत तो शाबूत आहे, आणि बसलेली कोंबडी खाते थोडं, पण देत काहीच नाही. मावशींचा उपाय, पोटापर्यंत गार पाण्यात बुडवा. भाऊसाहेबांना ते क्रूर वाटलं. त्यांनी बँकेचा नियम लावला, नव्वद दिवस हप्ता नाही तर खातं अनुत्पादक. नव्वद दिवसांनी वसुली, म्हणजे रस्सा. एकोणनव्वदाव्या दिवशी त्यांनी स्वतः ओंजळीतून आणून एक अंडं तिच्याखाली ठेवलं आणि खातं नियमित झाल्याची नोंद केली. कर्ज फिरवून खातं चालू दाखवणं म्हणतात ते हेच. नोकरीत त्यांनी यासाठी लोकांना मेमो दिले होते.

घरी ऑम्लेट होतं ते कोणत्या अंड्याचं, हा नाजूक विषय आहे. ओट्याखाली तीसचा ट्रे असतो, पांढऱ्याशुभ्र अंड्यांचा, कोपऱ्यावरच्या दुकानातला. वहिनींचं म्हणणं, "बावीस रुपयांचं अंडं फोडायला मी काय भोरची राणीसाहेब आहे?" भाऊसाहेब ते ऑम्लेट खातात, आवडीने खातात. खाताना पिंजऱ्याचा विषय काढत नाहीत.

राहिला कोंबड्यांचा, म्हणजे नरांचा प्रश्न. आषाढात, दीप अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात, भाऊसाहेबांचा फोन थांबेना. ग्रुपवर निरोप नाही, जाहिरात नाही. गड्याने सासवडच्या बाजारात कुणाला तरी सांगितलं, एवढंच. गावरान कोंबडा, पाच महिन्यांचा, आहे त्या भावाने द्या. रंग पांढरट का, आकार लहान का, कुणी विचारलं नाही. दोन दिवसांत १२० कोंबडे गेले, प्रत्येकी साडेचारशेला. प्रत्येकाने जन्मापासून साधारण आठ किलो खाद्य खाल्लं होतं. पिल्लाची किंमत धरून खर्च ३१५. म्हणजे नगामागे १३५, एकूण १६,२०० रुपये नफा. घाट नाही, खोकी नाहीत, फुटीर नाही. माणसं प्लॉटवर येऊन, पाय बांधून, स्वतःच्या पिशवीत घालून घेऊन गेली.

शीटमध्ये ही रक्कम कुठे आहे म्हणून मी शोधलं. सगळ्यात खाली, 'किरकोळ जमा' या सदरात, जुनी पोती विकल्याच्या १८० रुपयांच्या शेजारी.

"आपला धंदा अंड्यांचा आहे," भाऊसाहेब म्हणाले. "हे अनपेक्षित उत्पन्न. यावर अवलंबून प्रस्ताव करता येत नाही."

यंदा त्यांनी दुसरी बॅच मागवली. गेल्या वर्षीच्या चुका टाळून. कुंपणाच्या आत प्लॉटवर आम्ही उभे होतो, आणि ते मावशींना समजावून सांगत होते, "या वेळी फक्त माद्या. उबवणीवाले एक दिवसाची पिल्लं तपासून नर बाजूला काढतात. पिल्लामागे पंचवीस रुपये जास्त घेतात, पण सगळीच्या सगळी अंड्यावर येणार. एकसुद्धा आरवणार नाही."

मावशींनी ते नीट ऐकून घेतलं. तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली.

"आन् ते बाजूला काढल्यालं नर?" त्या म्हणाल्या. "ते काय भावानं देत्यात? त्येंचा नंबर तेवढा द्या."